काळ्यात चमचाभर तांबडा

४ एप्रिल

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, पण घरात मी फोन उचलला की आमचे हे टीव्हीचा आवाज बारीक करतात, आणि लाँड्रीत मॅनेजर कान लावून बसलेला. उत्तर घरी पाठवू नकोस. लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव आणि वर ‘डाग विभाग’ लिही, म्हणजे पाकीट सरळ माझ्या टेबलावर येईल.

तुझ्या भाऊजींचं काहीतरी शिजतंय. गुडघ्यापायी नोकरीतून लवकर सुटले तेव्हापासून माणूस घरात असतो, ते ठीक. पण गेले सात गुरुवार सकाळी भांग पाडून बाहेर पडतात ते दिवेलागणीला परत. विचारलं तर म्हणतात, मित्राकडे बुद्धिबळ खेळतो. तोच मित्र सोमवारी कोट टाकायला आमच्या काउंटरवर आला. मी म्हटलं, काय हो, गुरुवारी कोण जिंकलं? तर तोच मला विचारतो, वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना, दोन महिने दिसले नाहीत. मी हसून वेळ मारून नेली.

आणखी ऐक. फेब्रुवारीत यांचं कोपर सुजून आलं होतं. न्हाणीघरात पडलो म्हणाले. मी लगेच जाऊन बघितलं, फरशी कोरडी ठणठणीत होती. त्यानंतर चार दिवसांत गिटार घरातून गेली. आवाजात खरखर आहे, तारकाम बघायला दिलीय, असं उत्तर मिळालं. कुणाला दिलीय, ते नाही सांगितलं. गेल्या आठवड्यात परत आली आणि धाकट्या, मला शंका आहे की ती आपली गिटार नाही.

तुला माहीत आहे ती माझ्या लेखी काय आहे. जोडे शिवणाऱ्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन जावयाला लग्नात विजेवर वाजणारी गिटार दिली. भर मांडवात बाबा म्हणाले होते, “मानेवरची पट्टी बघा, अस्सल शिसवी आहे.” सासरच्या एका माणसाने त्यानंतर आपल्याला जोडेवाले म्हणून नाक मुरडलं नाही. बाबा गेल्याला तीन वर्षं झाली, त्यांची तेवढीच वस्तू माझ्याकडे आहे.

आता बघ. दिसायला तीच. लाल अंग, तारांखाली बोटं दाबायची काळी पट्टी. मागे मानेवर दाराची कडी लागून पडलेली खाच, तीही आहे. पण मी त्या खाचेत सुई फिरवली. आत मळ नाही. सत्तावीस वर्षांची खाच आणि आत कणभर मळ नाही, असं कुठे असतं? मग पांढरा कपडा पट्टीवरून फिरवला तर काळा झाला, आणि डागाच्या कडेला तांबूस झाक आली. त्या कपड्याचा तुकडा सोबत ठेवलाय. बाबांचं दुकान तू चालवतोस, रंगातलं तुला कळतं. हा रंग कसला आहे, एवढं सांग.

बाकी आमचे कलपवाले मजेत आहेत. मिशी नेहमीसारखी काळीभोर. कुणासाठी, ते देव जाणे.

तुझी ताई

*

१३ एप्रिल

ती. ताई,

पत्र मिळालं. तुझी भावजय आणि मी ठीक आहोत, दुकानात शाळेच्या बुटांची गर्दी आहे म्हणून उशीर झाला.

कपड्याचा तुकडा नीट बघितला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लाकूड जुनं झालं की दमट हवेत रंग सोडतं, शिसवी तर सोडतंच. शिवाय बोटांचा घाम, तेल, धूळ, तारांचा गंज, हे सगळं मिळून काळं होतं. तांबूस झाक गंजाची असणार. खाचेतला मळ कारागिराने साफ केला असेल, चांगला कारागीर सगळीकडून साफ करतो. तू उगाच पट्टी घासत बसू नकोस, आणि स्पिरिट तर अजिबात लावू नकोस, त्याने आणखी निघेल.

भाऊजींबद्दल तू भलतंसलतं मनात आणू नकोस. गुडघा दुखतो, माणूस घरात कंटाळतो, कुठे बागेत बसत असतील. त्यांना वाकडं पाऊल टाकायचं असतं तर सरळ पाऊल टाकतानाच एवढे कण्हले नसते. तू जरा जास्तच विचार करतेस. लहानपणी माझ्या दप्तरातला पेरू कुणी खाल्ला म्हणून तू अख्ख्या गल्लीची तोंडं हुंगली होतीस, तसं करू नकोस.

तुझा
धाकटा

*

१७ एप्रिल

धाकट्या,

तो पेरू तूच खाल्ला होतास. तोंडं हुंगल्यावर शेवटी तेच निघालं, ते लिहायला विसरलास.

आता माझं ऐक आणि पत्र खाली ठेवून पळू नकोस. एक, दमट हवेत लाकूड रंग सोडतं म्हणतोस. आमच्याकडे महिनाभर ओठ फुटतील इतकी कोरडी हवा आहे. दोन, गंजाचा डाग मी रोज बघते. तो पिवळट असतो आणि लिंबाने जातो. हा लिंबाने हलला नाही. तीन, स्पिरिटचं नाव मी माझ्या पत्रात काढलंच नव्हतं. तुला कसं सुचलं? चामड्याचा रंग स्पिरिटमध्ये कालवतात, हे मला बाबांच्या मांडीवर बसून माहीत आहे. मग मी थोडं स्पिरिट लावूनच बघितलं. कपडा असा काळा झाला की मलाच भीती वाटली.

चार तर तूच पाठवलंस. तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला अंगठ्याचा काळा ठसा आहे. त्यावर स्पिरिटचा थेंब टाकला. कडेला तीच तांबूस झाक आली. लाँड्रीत माझ्या हाताखालून वीस वर्षांत किती कपडे गेले असतील सांग. डाग मला फसवत नाही, माणसं फसवतात.

म्हणजे तूही त्यांना सामील आहेस.

मला आता सरळ विचारायचंय. बाबांची गिटार कुठे आहे? ह्यांनी ती कुणाला दिली? आमच्या मागच्या इमारतीत एक बाई गाण्याचे वर्ग चालवते, आवाज गोड आहे, केस कुरळे आहेत. तिला दिली का? आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला तुझ्याकडून दुसरी रंगवून घेतली का? तुझ्या भाऊजींना मी काही विचारलेलं नाही. विचारलं तर ते गोड बोलून मला गुंडाळतील, आणि मी गुंडाळली जाईन, हे मला ठाऊक आहे. रविवारी ते वाजवायला बसतात तेव्हा मी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडते. त्या गिटारचा आवाज ऐकवत नाही. अंग पेटून उठतं.

या घरात मी आता पाहुणीसारखी वावरते. सत्तावीस वर्षांचा संसार आहे धाकट्या. तो माझ्या पाठीमागे चालत असेल तर मला नको.

ताई

*

२६ एप्रिल

ती. ताई,

दुकानात फार गर्दी आहे. सविस्तर मागून लिहितो. गाण्याच्या बाईचा काही संबंध नाही, एवढं नक्की समज.

धाकटा

*

२९ एप्रिल

धाकट्या,

“काही संबंध नाही” एवढं नक्की माहीत असणाऱ्या माणसाला बाकीचंही नक्की माहीत असतं.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते, ती गिटार घेऊन. तुझ्या दुकानाचा एकेक कप्पा उघडून बघीन. बाबांची गिटार मिळाली नाही तर तिथून मी घरी परतणार नाही, आणि तुझ्याकडेही राहणार नाही. लाँड्रीच्या वर एक खोली रिकामी आहे, मॅनेजरशी बोलून ठेवलंय.

ताई

*

१ मे

ताई,

येऊ नकोस. म्हणजे ये, पण आधी हे वाच. भाऊजींना दिलेला शब्द मी मोडतोय. त्यांना कळलं तर ते मला काही बोलणार नाहीत आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटेल.

बाबांची गिटार माझ्या काउंटरखाली जुन्या गोणपाटात आहे. मोडलेली. फेब्रुवारीत तुमच्या शेजारच्या मुलीची परीक्षा होती, आवाज नको म्हणून भाऊजी ती घेऊन खाली तळघरात वाजवायला निघाले. जिन्यात गुडघा वाकडा झाला. गिटार वाचवायला त्यांनी कोपर पुढे केलं. कोपर सुजलं आणि गिटारची मानही मोडली, अगदी दोन तुकडे. बाबा गेले तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, हिला ओरखडा जरी आला तरी मला तोंड दाखवू नका. तू ते दुःखात बोललीस. त्यांनी ते गाठीशी बांधून ठेवलं.

पहिल्या गुरुवारी ते तुकडे घेऊन माझ्याकडे आले. सांधून बघितली, तार ताणली की पुन्हा उघडायची. मग बाजारातून त्याच घाटाची सगळ्यात स्वस्त गिटार आणली. तिची पट्टी अगदी फिकी, सोललेल्या काकडीसारखी. पुढचे गुरुवार आम्ही दोघं त्यावर बसलो. जुन्या गिटारच्या तारांखालचे, आवाज उचलणारे दोन्ही पिकअप काढून हिच्यात बसवले, कथलाचे डाग मी दिले, वायरी त्यांनी धरल्या. तारा पिळायच्या खुंट्या जुन्याच चढवल्या. म्हणजे आवाज बराचसा बाबांच्याच गिटारचा आहे, हे तुझ्या रागातून थोडं वजा कर. खाच भाऊजींनी स्वतः पाडली, डोळे मिटून. तिच्यात मळ भरायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मग पट्टी. तिच्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पडद्यांवर एकेक करून चिकटपट्टी लावली, लाकूड बारीक कागदाने घासलं, आणि बुटाचा काळा रंग दिला, तीन हात. बाबांच्या पद्धतीने, काळ्यात चमचाभर तांबडा घालून. नुसता काळा निळसर दिसतो, असं ते म्हणायचे. वर मेण लावून ब्रश मारला.

आता जे लिहितोय ते वाचताना बसून घे. रंग नीट जुळावा म्हणून मी जुन्या पट्टीवरचा एक पडदा उपटला. त्याखाली लाकूड पांढरं होतं, ताई. शिसवी कुठलं आलंय. हिच्यासारखीच फिकी, हलकी पट्टी. स्पिरिट लावलं तर काळा रंग निघाला आणि कडेला तांबूस झाक. तो रंग कुणाचा, हे मला काय, दुकानातल्या ऐरणीलाही कळलं असतं. बाबांनीही त्या वेळी सगळ्यात स्वस्त गिटारच आणली होती, आणि दुकानात बसून काळी केली होती.

मला भाऊजींकडे बघवेना. म्हटलं, आम्ही तुम्हाला फसवलं. ते हातातली तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “मला लग्नानंतरच्या पहिल्या रविवारीच कळलं होतं. चारही बोटं काळी झाली होती.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, तुझी ताई चाळीत ज्याला त्याला ती पट्टी दाखवत होती, कुणाला बोलणार? बाबा दर वर्षी तुमच्याकडे यायचे आणि दार लावून गिटार ‘साफ’ करत बसायचे, आठवतं? झिजलेल्या जागी रंग देत होते. भाऊजी बाहेर बसून तुला बोलण्यात गुंतवायचे. बाबा गेल्यावर भाऊजींनी स्वतः रंगाची बाटली आणली आणि ते काम पुढे चालवलं.

दोन्ही गिटारींनी भाऊजींची बोटं का काळी केली तेही मला आत्ता कळलं. बुटाला रंग दिला की आम्ही वर मेण मारून मोकळे होतो. उरलेला रंग कोरड्या फडक्याने उतरवून घ्यायचा असतो, पण बुटावर बोटं कोण फिरवतं? बाबांनी केली तीच चूक मी केली.

आता तू ठरव. गाण्याच्या बाईला मी कधी बघितलेलंही नाही.

धाकटा

*

५ मे

धाकट्या,

मी आले नाही हे तुला कळलंच असेल. खोली नको म्हणून मॅनेजरला सांगितलं. तुझं पत्र मी डाग विभागातल्या वाफेच्या यंत्रामागे उभं राहून वाचलं, म्हणजे डोळे ओले दिसले तरी कुणी विचारत नाही.

एक गोष्ट तुलाही माहीत नाही, ती सांगते. लग्नाला महिना झाला असेल. उशीच्या अभ्र्यावर मला काळे डाग दिसले. मी विचारलं, हे काय? हे अडखळले आणि म्हणाले, कलप. सव्वीस वर्षांचा माणूस, डोक्यावर काळंभोर रान, आणि म्हणे कलप लावतो, लवकर पिकलेत. मला आधी रडू आलं आणि मग हसू. मी ते आईला सांगितलं, आईने मावशीला, आणि त्या दिवसापासून ते अख्ख्या घराण्याचे कलपवाले झाले. तू तर भर पंगतीत त्यांना आरसा आणून दिला होतास. ते तुझ्याबरोबर हसले होते.

पुढे केस खरंच पिकायला लागले तेव्हा कलप लावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. नाही लावला तर मी विचारलं असतं ना. त्याने त्यांच्या ओठावर पुरळ येतं. दर पंधरा दिवसांनी येतं. मी चिडून म्हणते, एवढा नटवेपणा कशाला? कित्येक वर्षं म्हणतेय.

आणि मी स्वतःला डागातली पारखी म्हणवते. कलप लावणारा माणूस उजव्या हाताने लावतो. यांची काळी व्हायची ती डाव्या हाताची बोटं, तीही फक्त टोकं. त्या अभ्र्यावरच्या डागाला तांबूस कड होती, ती मला आज डोळ्यांसमोर दिसते. बाबांचा चमचाभर तांबडा माझ्या उशीवर होता आणि मी नवऱ्याला हसत होते. ह्या माणसावर मी कुरळ्या केसांच्या बाईचा आळ घेतला. धाकट्या, मला स्वतःची लाज वाटते. बाबांचा राग येत नाही, हेही खरं. त्यांनी ती किती रात्री रंगवली असेल, आणि मांडवात बोलायचं ते वाक्य किती वेळा घोकलं असेल.

ह्यांना मी काही सांगणार नाही. जे त्यांनी इतकं जपलं ते मी एका वाक्यात कशाला मोडू? पण तुम्हा बापलेकांचं अर्धवट काम मला बघवत नाही. काल हे गुडघ्याच्या व्यायामाला गेले तेव्हा मी गिटार काढली. तारा सैल केल्या. मेण उतरवलं. मग पांढऱ्या कपड्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन पट्टी पुसत गेले, दोन पडद्यांमधली एकेक जागा. पहिला कपडा काळा, दहावा करडा, एकोणिसावा कोरा निघाला. वर जवसाचं तेल चोळलं. पट्टी अजून काळीच आहे. रंग मुरायचा तेवढा मुरलाय, फक्त बोटाला लागत नाही. खाचेत कपाटाखालची धूळ तेलात कालवून भरली. आता आण कुठला कारागीर ओळखायला.

बाबांचे तुकडे गोणपाटात ठेवू नकोस. स्वच्छ कापडात गुंडाळ. कधीतरी येऊन बघीन.

ताई

*

११ मे

धाकटेराव,

बुद्धिबळाच्या निमित्ताने बाहेर पडून पोस्टाच्या बाकावर बसून हे लिहितोय. घरात गडबड आहे.

रविवारी नेहमीसारखी गिटार काढली. तुझी ताई त्या वेळी हल्ली भाजीला जाते, ती गेली नाही. समोर खुर्ची ओढून बसली. मी तासभर वाजवलं. उठून सवयीने मोरीकडे गेलो, साबण हातात घेतला, आणि बघतो तर बोटं स्वच्छ. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मला आधी वाटलं, डोळे बिघडले. परत जाऊन पट्टीवर रुमाल फिरवला. कोरा. खाचेत बोट घातलं, तर मळ.

हे काम तुझं नाही. राग मानू नकोस, पण तुझ्या हातून असं काम होत नाही, तुझ्या वडिलांच्याही झालं नाही. ह्या घरात डाग काढणारं माणूस एकच आहे.

ती मागे उभी होती, साबण माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवत म्हणाली, “आता मिशी पांढरी राहू द्या. शोभेल तुम्हाला.”

एवढंच बोलली आणि कुकर लावायला गेली. तू तिला किती सांगितलंस, हे मी तुला विचारत नाही. तूही मला सांगू नकोस. तिला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण ते आमच्यात बोलायचं नाही, असं ठरवल्यासारखं दिसतंय. मला चालेल. इतकी वर्षं एकट्याने सांभाळलं, आता दोघं आहोत.

कलपाची डबी आज येताना कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकली. ओठावरचं पुरळ उतरायला आठवडा लागेल म्हणतात.

तुझा
कलपवाला